बंबातलं जळण: झाड पाहावं की ओल?

पुण्यात घर ऊबदार ठेवायला कोणी लाकडं जाळत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-११ अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली घसरतो (१९३५ च्या जानेवारीत शहरात १.७ अंशांची नोंद झाली होती), पण दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. इथलं सरपण जातं ते आंघोळीच्या बंबात, अंगणातल्या चुलीत आणि रात्रपाळीच्या शेकोटीत. आणि सरपणाचा विषय निघाला की प्रत्येकाचं एक लाडकं लाकूड असतंच. घाटावरची माणसं बाभळीची शपथ घेतात, कोणी चिंचेचं नाव काढतं, कोकणातले सुरूच्या लाकडाची आठवण काढतात.

वजनाच्या हिशेबात मात्र या झाडांमध्ये फारसा फरक नाही. पूर्ण वाळलेलं एक किलो लाकूड, मग ते कुठल्याही झाडाचं असो, जळताना साधारण ४,५०० किलोकॅलरी उष्णता देतं. कारण आतला माल सगळीकडे तोच असतो: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि त्यांना सांधून धरणारं लिग्निन. लिग्निन किंवा राळ थोडी जास्त असली तर आकडा जरा चढतो, एवढंच.

मग बाभळीचा एवढा लौकिक का? तर घनतेमुळे. बाभळीच्या भरीव लाकडाचं वजन घनफुटाला वीस-बावीस किलो भरतं, पांगारा किंवा सावरीचं जेमतेम आठ-दहा. चुलीत जागा तेवढीच असते, त्यामुळे एका भरण्यात बाभूळ दुपटीहून जास्त उष्णता आणते आणि मागे टिकाऊ निखारा ठेवते. तुराट्या आणि पऱ्हाट्या भडकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात. चहाच्या आधणाला त्या उत्तम, पण चार माणसांच्या आंघोळीला कोणीतरी सारखं बंबापाशी बसून राहावं लागतं. चिंच तापायला फार चांगली, फोडायला तितकीच चिवट. कण्हेर मात्र जाळूच नये, तिचा धूरही विषारी असतो.

माझं मत विचाराल तर झाडाच्या नावाआधी लाकडातली ओल पाहावी. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मं पाणी असू शकतं. म्हणजे वखारीतून असं एक किलो आणलं तर अर्धा किलो पाण्याचेच पैसे मोजले. उरलेल्या अर्ध्या किलोतून सव्वादोन हजार किलोकॅलरी निघतील, त्यातल्या तीनशेच्या आसपास ते पाणी तापवून त्याची वाफ करण्यात जातील. इथवरचा तोटा सोसण्यासारखा आहे. खरा तोटा पुढे होतो, आणि तो समजायला लाकूड जळतं कसं ते नीट पाहावं लागतं.

पेटत्या ढलपीकडे जवळून पाहा. ज्वाळा लाकडाला चिकटलेली नसते, मध्ये बारीकशी फट दिसते. कारण ज्वाळेत लाकूड जळत नाही, त्यातून निघालेले वायू जळतात. आधी ओल उडते. दोनशे-अडीचशे अंशांपुढे लाकडाचे रेणू तुटायला लागतात आणि वाळल्या लाकडाच्या वजनाचा तीन-चतुर्थांश भाग वायू आणि डांबरी वाफा होऊन बाहेर पडतो. या वाफांना पेट घ्यायला पाचशे-सहाशे अंशांची धग आणि पुरेशी हवा लागते. शेवटी उरतो तो कोळसा, तो ज्वाळेशिवाय लाल होऊन जळतो. ओल्या लाकडातली वाफ नेमकी दुसऱ्या टप्प्यावर आग थंड करते. वायू न पेटताच निसटतात आणि आपण त्यांना धूर म्हणतो. डोळे चुरचुरायला लावणारा तो धूर म्हणजे न जळलेलं इंधनच. त्यातलं डांबर बंबाच्या नळीला आतून चिकटतं, काजळीचा थर उष्णता अडवतो आणि दुसऱ्या दिवशी पाणी तापायला आणखी वेळ लागतो.

बंबाची रचना मला अजूनही विलक्षण वाटते. कसब्यातल्या तांबट आळीत पिढ्यान् पिढ्या तांबं ठोकून भांडी घडवणाऱ्या कारागिरांनी जे केलं ते पक्कं भौतिकशास्त्र आहे. मधोमध उभी नळी, तिच्या भोवती पाणी, खाली जाळी आणि राखेची जागा. गरम हवा नळीतून वर चढते, जाळीखालून ताजी हवा ओढून घेते. फुंकणीची गरज क्वचितच पडते. आग चारी बाजूंनी पाण्याने वेढलेली आणि मधला पत्रा तांब्याचा, म्हणून उघड्या चुलीवरच्या पातेल्यापेक्षा बरीच जास्त उष्णता पाण्यात उतरते. वीस लिटरची बादली २० वरून ४५ अंशांवर न्यायला ५०० किलोकॅलरी लागतात. लाकडाची एक-तृतीयांश उष्णता जरी पाण्याला मिळाली, तरी सुक्या लाकडातही थोडी ओल उरते हे धरून चारशे-सव्वाचारशे ग्रॅम चांगलं सुकं लाकूड पुरतं. लाकूड ओलं असेल तर किलोभरही कमी पडेल.

फुकट मिळणाऱ्या लाकडाबद्दल मात्र सावध राहायला हवं. शहरात शेकोटीत बहुतेक वेळा बांधकामावरचं प्लायवूड, जुन्या दारांचे रंगवलेले तुकडे आणि खोक्यांच्या फळ्या पडतात. प्लायच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड निघतं, जुन्या रंगात शिसं असू शकतं. परदेशी मालाच्या लाकडी पॅलेटवर शिक्का असतो: ‘एचटी’ म्हणजे नुसतं तापवून निर्जंतुक केलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. दुसरं जाळू नये. त्यात पुण्याची हिवाळी हवा. रात्री जमीन झपाट्याने गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची त्यामानाने गरम राहते. त्या झाकणाखाली धूर पहाटेपर्यंत अडकून पडतो आणि सकाळी फिरायला निघालेल्यांच्या छातीत जातो.

धूर दिसत नाही तेव्हा तर आणखी जपायला हवं. निखाऱ्यांची शेगडी निर्धोक वाटते, म्हणून थंडीत वॉचमन ती बंद केबिनमध्ये घेऊन झोपतात. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. सोसायटीने केबिनमध्ये एक विजेचा हीटर बसवावा. तो खर्च फार नाही.

ज्यांच्याकडे बंब आहे त्यांनी पावसाळा सरताच लाकूड फोडून घ्यावं. झाडात पाणी उभ्या नळ्यांतून वाहतं आणि साल ते आत धरून ठेवते, त्यामुळे अखंड ओंडका वर्षभरही ओला राहतो. उभा फोडला की चारी अंगांनी सुकतो. मनगटाएवढ्या ढलप्या करून, वाळवी लागू नये म्हणून विटांवर, मध्ये फटी ठेवून रचाव्यात. वर पत्रा, बाजू मोकळ्या. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की ओल्या बद्द वाजतात, सुक्या खणखणीत. नक्की कळायला हवं असेल तर एका ढलपीवर खडूने खूण करून दर रविवारी तिचं वजन करावं. आकडा उतरायचा थांबला, की ती रास वापरायला काढावी.