अर्भकांचा इसब

तान्ह्या मुलांच्या त्वचेला कोरडेपणा, खाज आणि पुन:पुन्हा उसळणारा दाह आणणारा, दीर्घकाळ चालणारा विकार. वैद्यकातील 'ॲटॉपिक डर्मटायटिस' हे नाव वाइज व सल्झबर्गर या त्वचारोगतज्ज्ञांनी १९३३ मध्ये रूढ केले. इसब संसर्गजन्य नाही.

बहुधा दोन-तीन महिन्यांच्या वयानंतर गाल, कपाळ व डोक्याची त्वचा लाल होते, लस झिरपते, खपल्या धरतात. लंगोटाखालची दमट जागा सहसा यातून सुटते. नॅपी रॅशपासून (लंगोटाच्या पुरळेपासून) वेगळेपण ओळखण्याची ही चांगली खूण. तळहात-तळपायांवर पुरळ असेल आणि घरच्यांनाही रात्री खाज सुटत असेल, तर आधी खरजेचा विचार करावा.

काश्यपसंहिता या बालरोगांवरील आयुर्वेदीय ग्रंथाच्या खिलस्थानातील (पुरवणी भागातील) 'चर्मदल' म्हणजेच इसब, असे काही लेखक मानतात. संहितेच्या काळाविषयी एकमत नाही. दूध पिणाऱ्या आणि दूध-अन्न दोन्ही घेणाऱ्या मुलांत हा रोग होतो, हा तिच्यातील निर्देश इसबाशी जुळतो. परंतु कारणांत घर्षण व उष्म्याचाही उल्लेख असल्याने घामोळे किंवा लंगोटाची पुरळही त्यात मोडू शकते. त्यामुळे चर्मदल हे एकाहून अधिक विकारांचे सामायिक वर्णन समजणे अधिक सुरक्षित.

दाह आधी की त्वचेच्या आवरणातील दोष आधी, हा वाद जुना आहे. त्वचेचे आवरण घडवणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषांचा इसबाशी संबंध २००६ मध्ये दाखवला गेला, तेव्हापासून दुसऱ्या मताचे पारडे जड झाले. तरीही हा दोष सर्व रुग्णांत आढळत नाही. शिवाय जन्मापासून रोज मलम चोपडल्याने इसब टळत नाही, असे २०२० मधील ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसले. म्हणून स्निग्ध मलम हा प्रतिबंध नसून उपचार आहे, आणि उपचार म्हणून त्याला तोड नाही.

पाच-दहा मिनिटांची कोमट आंघोळ घालून, त्वचा टिपून, ती ओलसर असतानाच बिनवासाचे घट्ट मलम भरपूर लावावे. आपल्याकडे मालिश करणारी बाई लव जावी म्हणून कणकेचा गोळा फिरवते, डाळीच्या पिठाने अंग चोळते, नंतर ओवा-शेपांची धुरी देते. इसबाच्या त्वचेवर यांतले चोळणे व धूर दोन्ही बंद करावेत. हलक्या हाताची मालिश चालते. मोहरीच्या तेलापेक्षा खोबरेल तेल बरे.

लाल, खाजऱ्या चट्ट्यांवर डॉक्टरांच्या सल्ल्याने एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनसारखे सौम्य स्टेरॉइड थोडे दिवस वापरतात. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, प्रौढाच्या बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. स्टेरॉइडच्या भीतीपोटी मलम नखभर लावून आग धुमसत ठेवण्यात बाळाचे हाल होतात. दुकानातून परस्पर आणलेली, तीव्र स्टेरॉइडसोबत बुरशीनाशक व प्रतिजैविक मिसळलेली मलमे मात्र बाळाला लावू नयेत. ॲलर्जीचा ठोस पुरावा नसताना आईच्या आहारातून दूध-अंडी तोडणेही अनाठायी.

ओठावर हर्पिस या विषाणूचे फोड असलेल्याने अशा बाळाचा पापा घेऊ नये. चट्ट्यांवर एकाच आकाराचे, मधोमध खोलगट फोड व ताप आल्यास ती आणीबाणी समजून त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.