मिसळणाच्या डब्यातलं औषध : किती घ्यायचं, कुठे थांबायचं

हळद घेताना बरेच जण विचारतात, "खोकल्याला कुठली द्याल?" खोकल्याची अशी वेगळी हळद नसते. भाजीत पडते तीच दुधात. पण ती कशी घ्यायची, याला मात्र अर्थ आहे. म्हणून हा कागद आम्ही पिशवीत घालतो.

हळदीतला गुणाचा घटक म्हणजे करक्युमिन. तो पाण्यात विरघळत नाही, तुपा-सायीत विरघळतो, आणि एकटा पोटात गेला तर फारसा अंगी लागत नाही. मिऱ्यातल्या पायपरीनमुळे तो जास्त शोषला जातो. म्हणून कपभर सायीच्या दुधात पाव चमचा हळद, दोन मिरे ठेचून, आणि एक उकळी. घसा शेकला जातो, ठसका जरा बसतो. चमचाभर हळद ढवळून जास्त गुण येत नाही, पोट मात्र बिघडू शकतं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा पित्ताशयात खडे असतील, तर रोजचं हळदीचं दूध डॉक्टरांना विचारूनच घ्या. आमटीतल्या हळदीची काळजी नको.

जखम भरायला हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं होतं. आपल्या सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद), डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. आम्हा हळदवाल्यांना त्याचा अभिमान आहेच. पण त्या निकालाने ठरलं ते एवढंच, की हा वापर आपल्याकडे जुना आहे. प्रत्येक जखमेवर हळद थापावी, असं नाही. आमच्याच घरी कढईतलं तेल हातावर उडालं तेव्हा घाईघाईत हळद लावली. दवाखान्यात ती भाजल्या कातडीवरून सोडवताना जे हाल झाले, ते अजून आठवतात. भाजलं तर आधी नळाखाली हात धरा, वीस मिनिटं. हळद नको, टूथपेस्ट नको.

ओवा तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळा. नाकात जो झणका जातो, तो ओव्यातल्या थायमॉल या घटकाचा. पोट फुगलं की चिमूटभर ओवा आणि मिठाचा कण चावून वर कोमट पाणी. नाक चोंदलं तर तव्यावर गरम करून सुती फडक्यात पुरचुंडी बांधा आणि हुंगा. आधी ती आपल्या मनगटाला लावून बघा, चटका बसतो.

सुंठ आल्याहून तिखट असते, कारण वाळताना आल्यातल्या जिंजरॉल या तिखट घटकाचं त्याहून तिखट शोगॉल होतं. म्हणून आल्याच्या मापाने सुंठ घालू नका. घाटात गाडी लागते त्यांनी आल्याची चकती दाढेखाली धरावी, मळमळ खरंच कमी होते.

दाढदुखीला लवंग धरली की तिच्यातल्या युजेनॉल या घटकामुळे हिरडी बधिर होते. ठणका थांबतो, कीड तशीच राहते. लवंगेचं तेल थेट हिरडीवर ओतू नका, ते पोळतं.

जुलाबात मसाल्याआधी पाणी: उकळून गार केलेलं एक लिटर, सपाट सहा चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ वाढवायचं नाही.

बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको, आमच्याकडचं जायफळही नको. वर्षाच्या आत मध चाटवू नका. खोकला दोन आठवड्यांवर गेला, थुंकीत रक्त दिसलं किंवा धाप लागली, तर काढा बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

आता मालाबद्दल. हळकुंड ग्लासभर पाण्यात टाका. लगेच पिवळा रंग सुटला तर त्याला वरून रंग दिलाय. चांगलं हळकुंड मोडलं की आत गडद केशरी दिसतं आणि बोटाला वास राहतो. पूड उजेडात फिकी पडते, तेव्हा झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या फळीवर ठेवा. एका वेळी शंभर ग्रॅमच न्या. संपली की परत या, ताजी दळून देऊ.