पाइपलाइनमधला लपलेला गंज आणि पाच टक्क्यांचा हिशेब

६ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रिचमंड इथे शेव्हरॉन कंपनीच्या रिफायनरीत आठ इंची पाइप फुटला. गरम तेलाच्या वाफेच्या ढगात १९ कर्मचारी सापडले. ढग पेटण्याआधी त्यातले १८ बाहेर निसटले, एक जण आगीतून वाट काढत सुटला. धुराच्या त्रासाने आसपासच्या सुमारे १५ हजार लोकांनी पुढच्या काही दिवसांत दवाखाने गाठले. फुटलेला तुकडा ५२ इंच लांब होता. त्याच्या पोलादात सिलिकॉन अगदी कमी होतं, आणि तेलातल्या गंधकापुढे असं पोलाद फार लवकर झिजतं. त्या लाइनची जाडी वेळोवेळी मोजली जात नव्हती असं नाही. मोजली जात होती, पण ठरलेल्या ठिकाणीच. लगतच्या एल्बोमध्ये, म्हणजे वळणाच्या जोडात, सिलिकॉन पुरेसं असल्याने तो बराच कमी झिजला होता.

जाडी मोजण्याच्या नेहमीच्या अल्ट्रासॉनिक यंत्राची मर्यादा यातून कळते, आणि ती ओलांडू पाहणारी ‘गाइडेड वेव्ह’ पद्धत हा या लेखाचा विषय. त्याचा प्रोब, म्हणजे पाइपवर टेकवायचा भाग, साधारण ५ मेगाहर्ट्झची लहर पोलादात सोडतो. ती सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने भिंतीतून आरपार जाते, आतल्या पृष्ठभागावरून परत येते आणि लागलेल्या वेळेवरून जाडी कळते. मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत अचूक, पण प्रोबखालच्या जागेपुरतीच. आठ इंची पाइपच्या १२ मीटरच्या एका नळाचा बाहेरचा पृष्ठभाग सव्वाआठ चौरस मीटर भरतो. १० मिमी व्यासाच्या प्रोबने तो पूर्ण झाकायचा तर एक लाखाहून जास्त रीडिंग घ्यावी लागतील. म्हणून प्रत्यक्षात काही निवडक बिंदू मोजतात आणि उरलेल्या पाइपबद्दल अंदाज बांधतात.

पाइपवर इन्सुलेशन असेल तर तेवढंही सोपं राहत नाही. पत्र्याच्या क्लॅडिंगच्या सांध्यातून पाणी आत शिरतं, लोकर भिजते आणि गंज बाहेरून कुणाला न दिसता वाढत राहतो. शून्याच्या थोडं खालपासून सुमारे १७५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणाऱ्या साध्या पोलादाच्या लाइनला हा धोका सर्वांत जास्त. पाइप सतत खूप गरम असेल तर पाणी टिकत नाही. कधी गरम कधी थंड होणाऱ्या लाइन मात्र इन्सुलेशनखाली कुजतात. माहुल किंवा उरणसारख्या खाऱ्या हवेच्या आणि चार महिने पावसाच्या ठिकाणी हे वेगळं सांगायला नको. सगळं इन्सुलेशन काढून बघायचं म्हटलं तर परांचीचा खर्चच तपासणीपेक्षा जास्त होतो.

इथे गाइडेड वेव्ह कामाला येते. यात लहर भिंतीच्या आरपार पाठवत नाहीत, भिंतीच्या बाजूने लांबवर धाडतात. त्यासाठी फ्रिक्वेन्सी खूप खाली आणावी लागते, साधारण २० ते १०० किलोहर्ट्झ. ३२ किलोहर्ट्झला पोलादातल्या या लहरीची लांबी सुमारे १० सेंमी होते, म्हणजे ८ मिमी भिंतीच्या बारापट. एवढ्या लांब लहरीला भिंतीचा आतला आणि बाहेरचा पृष्ठभाग वेगळा भासत नाही. सगळी भिंत एकदम हलते आणि पाइपच लहरीचा मार्ग बनतो. त्यामुळे गंज आतून असो की बाहेरून, लहरीवर परिणाम सारखाच होतो. फायदा मोठा आहे, पण गंज कोणत्या बाजूचा हे सिग्नलवरून सांगता येत नाही.

पोकळ नळीतून किती प्रकारच्या लहरी जाऊ शकतात याचं गणित संशोधक गाझिस यांनी १९५९ मध्ये मांडलं. उत्तर बऱ्यापैकी त्रासदायक होतं: एकाच फ्रिक्वेन्सीला डझनावारी प्रकार, प्रत्येकाचा वेग वेगळा, आणि बहुतेकांचा वेग फ्रिक्वेन्सीबरोबर बदलणारा. अशा लहरीचा छोटा ठोका पाठवला तर तो जाता जाता पसरत जातो आणि परत आलेला प्रतिध्वनी कुठून आला ते कळेनासं होतं. १९९०च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये पीटर कॉली, डेव्हिड ॲलेन आणि मायकेल लो यांच्या गटाने यातला एकच प्रकार निवडून पाठवायची पद्धत व्यवहारात आणली. आज सर्वांत जास्त वापरली जाते ती टॉर्शनल लहर. ओला कपडा पिळताना जसा पीळ देतात, तशी पाइपची भिंत आळीपाळीने दोन्ही दिशांना पिळवटत ती पुढे सरकते. तिचा मूळ प्रकार कोणत्याही फ्रिक्वेन्सीला सेकंदाला सुमारे ३,२५० मीटर वेगानेच जातो, म्हणून पसरत नाही. शिवाय पाण्यासारख्या पातळ द्रवाला पीळ देता येत नसल्याने पाइप भरलेला असला तरी तिची ऊर्जा आतल्या द्रवात झिरपत नाही. लाइन चालू ठेवून तपासणी होते ती यामुळे. घट्ट डांबरी तेल किंवा गाळाचा थर आत चिकटला असेल, तर मात्र ती ऊर्जा खातो.

साइटवरचं काम असं चालतं. साधारण एक मीटर इन्सुलेशन काढतात, सुटलेला गंज आणि पापुद्रे खरवडतात. चांगला चिकटलेला रंग राहू दिला तरी चालतो. मग त्या पट्ट्याची जाडी साध्या प्रोबने चारही बाजूंनी मोजतात. हे टाळायचं नसतं, कारण पुढे जी रिंग बसवायची ती हवेच्या दाबाने पाइप आवळते, आणि पातळ झालेल्या पाइपवर असा दाब देणं शहाणपणाचं नाही. रिंगमध्ये पायझोइलेक्ट्रिक ट्रान्सड्यूसरच्या (विजेवर हलून लहर सोडणाऱ्या आणि परतीची लहर टिपणाऱ्या घटकांच्या) किमान दोन ओळी असतात. दोन ओळींतल्या अंतराचा आणि वेळेचा मेळ घालून लहर हवी त्या दिशेला पाठवता येते; एका ओळीने ती दोन्हीकडे जाईल आणि प्रतिध्वनी डावीकडचा की उजवीकडचा हे कळणार नाही. साध्या प्रोबला लागतं तसं जेल इथे लागत नाही, नुसत्या दाबावर काम होतं. एखादा ट्रान्सड्यूसर नीट टेकला नसेल तर लहर सगळ्या घेरावर सारखी सुटत नाही आणि नको ते प्रकार जन्माला येतात, म्हणून शॉट घेण्याआधी, म्हणजे तपासणीची लहर सोडण्याआधी, प्रत्येकाची चाचणी करतात.

रिंग कुठे बसवायची यात अनुभवी माणसाचा हात दिसतो. दोन वेल्डच्या बरोबर मध्ये कधीच बसवू नये. दिशा ठरवण्याची पद्धत शंभर टक्के नसते. उलट बाजूचा मोठा सिग्नल थोडा गळून या बाजूला आरशासारखा दिसतो, आणि अंतर सारखं असेल तर खरा कोणता ते वेगळं काढता येत नाही. रिंगच्या लगतचा काही भाग, कधी कधी जवळजवळ एक मीटरपर्यंत, यंत्राला दिसतच नाही, कारण तेव्हा ते अजून लहर पाठवत असतं. तेवढा भाग हाताने मोजावा लागतो.

२० मीटरवरचा प्रतिध्वनी साधारण १२ मिलिसेकंदांत परत येतो. पडद्यावर अंतरानुसार शिखरं उभी राहतात. आधी फ्लँज (पाइप बोल्टने जोडणाऱ्या चकत्या) आणि वेल्ड ओळखायचे. फ्लँजवरून जवळजवळ सगळी लहर परत फिरते, त्यामुळे तिच्या पलीकडचं काही दिसत नाही. वेल्ड ठरलेल्या अंतराने येतात, कारण नळ साधारण ६ किंवा १२ मीटरचे असतात. वेल्ड घेरावर सगळीकडे सारखा असल्याने त्यावरून टॉर्शनल लहर टॉर्शनल म्हणूनच परत येते. गंजाचा चट्टा एकाच बाजूला असतो. तो लहरीचा काही भाग वाकणाऱ्या, म्हणजे फ्लेक्शरल, प्रकारात बदलतो. दोन्ही प्रकार वेगळ्या रंगांत दाखवले जातात. नुसतं टॉर्शनल शिखर म्हणजे बहुधा वेल्ड. सोबत फ्लेक्शरल शिखरही जवळपास तेवढंच, म्हणजे त्या जागेकडे बघायलाच हवं.

आता हिशेबाकडे येऊ. लहर परत फिरते ती धातूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ बदललं म्हणून. त्यामुळे शिखराची उंची त्या क्षेत्रफळाच्या टक्केवारीत वाचतात. प्रचलित पद्धतीत फ्लँजचा सिग्नल १०० टक्के धरतात, वेल्डचा सुमारे २० टक्के, आणि ५ टक्क्यांच्या वरच्या प्रत्येक अनोळखी शिखराची नोंद करतात. पाच टक्के ऐकायला फार बारीक वाटतं. आठ इंची, ८.१८ मिमी जाडीच्या पाइपचा छेद सुमारे ५,४२० चौरस मिमी असतो. त्याचे पाच टक्के म्हणजे २७१ चौरस मिमी. ३ मिमी खोल आणि घेरावर ९० मिमी रुंद चट्टा एवढाच भरतो, आणि ७ मिमी खोल, ३९ मिमी रुंद खड्डाही एवढाच. पहिल्या ठिकाणी पाच मिमी धातू शिल्लक आहे, दुसऱ्या ठिकाणी जेमतेम एक. पडद्यावर दोघांची शिखरं सारख्याच उंचीची दिसू शकतात. फ्लेक्शरल भागावरून चट्टा किती रुंद याचा थोडा अंदाज येतो, पण दोन्ही चट्टे घेराच्या मानाने लहान असले की त्यातला फरक कळण्याइतका राहत नाही.

मोठ्या पाइपवर गणित अजून बिघडतं. २४ इंची, ९.५३ मिमी जाडीच्या पाइपचे पाच टक्के सुमारे ९०० चौरस मिमी होतात. आरपार पडलेलं ९ सेंमी व्यासाचं भोकही या हिशेबात नोंदीच्या रेषेखाली राहतं. स्वच्छ, सरळ, कमी नॉइजच्या (नको असलेल्या सिग्नलच्या) लाइनवर रेषा खाली आणता येते, पण सुईएवढ्या छिद्रातून गळणारा पाइप या पद्धतीने ‘पास’ होऊ शकतो, हे रिपोर्ट मागवणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे. रिपोर्टमधली टक्केवारी जाडीची घट समजून वाचणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

एकाच फ्रिक्वेन्सीवर भागत नाही, त्याचंही कारण आहे. चट्ट्याच्या दोन्ही टोकांवरून प्रतिध्वनी येतात आणि ते उलट चिन्हाचे असतात, एकाचा चढ तिथे दुसऱ्याचा उतार. चट्ट्याची लांबी लहरीच्या निम्मी असेल तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. ५ सेंमी लांबीचा चट्टा ३२ किलोहर्ट्झला जवळजवळ गायब होतो आणि ४८ किलोहर्ट्झला ठळक उठून दिसतो. म्हणून यंत्र एका बैठकीत अनेक फ्रिक्वेन्सी चालवतं, आणि वाचणाऱ्याने शिखर त्या सगळ्यांत तपासायचं असतं. पाइपखालच्या साध्या टेकूचं शिखर खालच्या फ्रिक्वेन्सीला मोठं आणि वर जाता जाता लहान होतं. तसं झालं नाही तर टेकूखाली गंज असण्याची शंका घ्यावी.

रिचमंडचा तुकडा या पद्धतीने सापडला असता का? बहुधा सहज नाही. ३०० अंशांच्या वर चालणाऱ्या लाइनवर साधी रिंग लावता येत नाही, आणि लांबवर हळूहळू, एकसारखी झालेली झीज ही गाइडेड वेव्हची जुनी अडचण आहे. जिथे छेद अचानक बदलत नाही तिथून परत फिरायला लहरीला कारणच नसतं.

पल्ला किती, हा प्रश्न सगळे विचारतात आणि एका आकड्यात त्याचं उत्तर नाही. जमिनीवरच्या चांगल्या स्थितीतल्या सरळ लाइनवर एका बाजूला ५० मीटर किंवा जास्तही मिळतात. जाड बिटुमेनचं आवरण असलेल्या, पुरलेल्या पाइपवर काही मीटरमध्येच सिग्नल नॉइजमध्ये बुडतो, कारण मऊ आवरण आणि भोवतालची माती दोन्ही ऊर्जा शोषतात. एल्बोच्या पलीकडे लहरीचा काही भाग फ्लेक्शरल होऊन जातो, त्यामुळे तिथले साधे वेल्डसुद्धा एकतर्फी दिसायला लागतात. दुसऱ्या एल्बोनंतर अर्थ लावण्याच्या भानगडीत पडू नये. रस्त्याखालून जाणारा, केसिंगमधला (बाहेरच्या संरक्षक नळातला) पाइप हे या पद्धतीचं हक्काचं काम. दोन्ही बाजूंना खड्डे घेऊन दोन्हीकडून शॉट मारायचे आणि दोन्हींचे पल्ले मध्ये एकमेकांवर येतात का ते बघायचं. येत नसतील तर मधले तेवढे मीटर तपासलेलेच नाहीत.

शिखर नोंदवल्यावर अंतर मोजून तिथलं क्लॅडिंग उघडतात. जागा सहसा दहाएक सेंमीच्या फरकाने सापडते. मग खड्ड्याची खोली गेजने आणि उरलेली जाडी प्रोबने मोजतात, आणि लाइनचं काय करायचं ते त्या आकड्यावर ठरतं. चांगल्या रिपोर्टमध्ये सापडलेल्या शिखरांच्या यादीइतकीच महत्त्वाची आणखी एक यादी असते, जे तपासलं गेलं नाही त्याची: रिंगलगतची जागा, फ्लँजमागचा भाग, दुसऱ्या एल्बोपुढची लांबी, नॉइजमध्ये बुडालेले मीटर. ती यादी नसेल तर सही करण्याआधी मागून घ्यावी.