जागतिक घडामोडींवरील कट्टाचर्चा (कोल्हापूर)

जागतिक घडामोडींवरील कट्टाचर्चा : परदेशांतील निवडणुका, युद्धे, व्यापारी करार आणि बाजारातील उलथापालथी यांवर कोल्हापूर शहरात व जिल्ह्यात चौक, तालीम, दूधकट्टा, वाचनालय आणि गेल्या दशकभरापासून व्हॉट्सॲपवरील गट यांतून चालणारी अनौपचारिक सामूहिक चर्चा. या प्रथेला स्थानिक बोलीत स्वतंत्र नाव नाही; ‘विषय’ या एका शब्दात ती मावते. ‘आज काय विषय?’ असे कोणी विचारले म्हणजे त्याला महापालिकेची पाणीपट्टी अभिप्रेत असू शकते आणि तेहरानवरचा हवाई हल्लाही. दोन्हींसाठी आवाजाची पट्टी एकच असते.

पार आणि चावडी प्रत्येक मराठी गावाला आहे, त्यामुळे जगाचे राजकारण गावात बोलले जाणे हे काही कोल्हापूरचे वैशिष्ट्य म्हणता येणार नाही. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. एखाद्या दूरदेशीच्या बातमीला ऊस, गूळ, चप्पल, ओतकाम किंवा जुन्या संस्थानचा इतिहास यांपैकी एखादी स्थानिक कडी सापडली, तर तिच्यावरील चर्चा कमालीची जाणकार होते. अशी कडी सापडली नाही, तर तीच माणसे दोन पेठांमधील सामना पाहावा तशी दोन देशांमध्ये वाटली जातात. या दुसऱ्या प्रकाराला स्थानिक शब्द आहे ‘ईर्षा’. शब्दकोशातील मत्सर या अर्थापेक्षा त्याचा अर्थ सौम्य असून, हरण्याची तयारी ठेवून चुरशीने बाजू घेणे, असा तो आहे.

स्थळ आणि वेळ. गंगावेशीतील दूधकट्टा हे या चर्चेचे सर्वांत जुन्या वळणाचे ठिकाण म्हणावे लागेल. म्हशी रस्त्याकडेला बांधलेल्या असतात, धार समोर काढली जाते आणि फेसाळ धारोष्ण दुधाचा पेला हातात घेऊन उभ्या उभ्याच बोलणे चालते. पेला रिकामा झाला की बोलणाऱ्याला बाजूला व्हावे लागते, त्यामुळे येथील मते आखूड व ठाम असतात. रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणारी निवृत्त मंडळी याच्या उलट वागतात; एकच मुद्दा ते संपूर्ण फेरी होईपर्यंत चालवतात. मिरजकर तिकटी, बिंदू चौक आणि शिवाजी पेठेतील तालमींच्या पायऱ्या ही संध्याकाळची ठिकाणे आहेत. भारतीय प्रमाणवेळेमुळे काही बातम्या ठरावीक अड्ड्यांच्या वाट्याला येतात. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल येथे सकाळी हाती येऊ लागतो, आणि म्हणून ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तो फिरायला जाणाऱ्यांचा व मिसळीच्या टेबलावरचा विषय झाला.

पूर्वपीठिका. शहरात वृत्तपत्रवाचनाची सोय लवकर झाली. १८५० मध्ये ‘कोल्हापूर नेटिव्ह लायब्ररी’ या नावाने सुरू झालेली संस्था पुढे करवीर नगर वाचन मंदिर म्हणून ओळखली जाऊ लागली. त्यानंतर वीस वर्षांनी कोल्हापूरला परदेशाची बातमी अगदी घरची बातमी म्हणून ऐकावी लागली. युरोपच्या प्रवासाला गेलेले तरुण छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तले. आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. तेथील स्मारक आजही उभे आहे आणि त्याच्याजवळच्या विसाव्या शतकातील पुलाला ‘भारतीयाचा पूल’ असे नाव मिळाले आहे. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेले होते, आणि त्याच वर्षी २६ जुलैला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा त्यांचा आदेश निघाला. एकाच वर्षातील या दोन घटना येथील वक्ते अजूनही एका दमात सांगतात.

दुसऱ्या महायुद्धाने जग प्रत्यक्षच दाराशी आणून सोडले. सोव्हिएत संघाने सायबेरिया व कझाकस्तानकडे हद्दपार केलेले आणि इराणमार्गे बाहेर पडलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ या काळात शहरालगतच्या वळिवडे येथील छावणीत राहिले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, नाटके होत असत. फाळणीनंतर सिंधी निर्वासित त्याच जागी वसले आणि आजचे गांधीनगर, म्हणजे कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ, त्यातून उभे राहिले. एका युद्धाने आणि एका फाळणीने विस्थापित केलेली माणसे पाठोपाठ एकाच आवारात राहून गेल्याची उदाहरणे जिल्ह्याच्या पातळीवर फारशी मिळत नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि तेथे वैद्यकीय शिक्षण घेणारे भारतीय विद्यार्थी पोलंड, रुमानिया व हंगेरीमार्गे परत आणले जाऊ लागले, तेव्हा ‘एकेकाळी पोलंडची मुले आपल्याकडे होती’ हे वाक्य कोल्हापुरात पाठ्यपुस्तकी वाटण्याचे कारण उरले नव्हते. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकाला भेट दिली, त्या दिवशी पोलंडचे परराष्ट्र धोरण काय आहे यापेक्षा ‘वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे’ याच गोष्टीला अधिक वाव मिळाला; हेही या चर्चेच्या स्वभावाला धरूनच झाले.

साखर आणि ब्राझील. या प्रथेतील सर्वांत सखोल दालन उसाचे आहे, आणि येथे विस्ताराने लिहिणे भाग आहे. जिल्ह्यातील ऊस उत्पादकाला ‘एफआरपी’ म्हणजे रास्त व किफायतशीर दर, साखर उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, तोडणी-वाहतूक खर्चाची वजावट ही परिभाषा तोंडपाठ असते. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला प्रतिटन ३,४०० रुपये हा केंद्राचा दर होता, आणि जयसिंगपूरच्या वार्षिक ऊस परिषदेत त्यावर किती मागायचे हे ठरते. परंतु हा दर कारखान्याला परवडतो की नाही, याचे एक टोक साओ पावलोच्या शेतांत आहे, हे ज्याला कळले तो कट्ट्यावर आपोआप जाणकार ठरतो.

त्याची मांडणी साधारणपणे अशी असते. ब्राझीलचे कारखाने त्याच उसापासून साखर किंवा इथेनॉल यांपैकी जे फायद्याचे असेल ते अधिक बनवू शकतात. खनिज तेल महागले की त्यांचा कल इथेनॉलकडे जातो, जगाच्या बाजारात साखर कमी येते आणि तिचा भाव वधारतो. तेल उतरले की उलट घडते. म्हणून आखातात तणाव वाढला, तर पेट्रोलच्या दराबरोबर साखरेच्या दराचाही हिशेब कागलच्या किंवा शिरोळच्या पारावर मांडला जातो. ब्राझीलच्या मुख्य पट्ट्यातील गाळप एप्रिलच्या सुमारास सुरू होते, म्हणजे आपले धुराडे थंड होत असताना. त्यामुळे उन्हाळ्यापासून तेथील पाऊस, दुष्काळ आणि पंधरवड्याला जाहीर होणारे गाळपाचे आकडे यांवर येथे नजर असते. २०२१ मध्ये ब्राझीलला दुष्काळ व थंडीचा तडाखा बसला आणि पुढच्या वर्षी भारताने सुमारे ११० लाख टन साखर निर्यात केली, हे उदाहरण नेहमी दिले जाते. त्याच्या पाठोपाठ १ जून २०२२ पासून निर्यातीवर निर्बंध आले, २०२२-२३ साठी सुमारे ६० लाख टनांची मर्यादा पडली आणि नंतर दरवाजा जवळपास बंदच झाला. जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांपुरता तो किलकिला करण्यात आला. कारखान्यावरील साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला, आणि त्यानंतर एफआरपी वाढत असताना तो वर्षानुवर्षे तेथेच राहिला. ‘ऊस वाढीव दरानं, साखर जुन्या दरानं’ ही तक्रार शेतकरी व कारखानदार एकसुरात करतात. बाकी बाबतींत त्यांचे क्वचितच पटते.

जागतिक व्यापार संघटना हा शब्द येथे मोठमोठ्या परिषदांमुळे नव्हे, तर एका तक्रारीमुळे परिचित झाला. ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांनी भारताच्या साखर अनुदानाविरुद्ध दाद मागितली, डिसेंबर २०२१ मध्ये तंटा समितीचा निवाडा भारताच्या विरोधात गेला आणि भारताने त्यावर अपील केले. अपील ऐकणारे मंडळच अमेरिकेने सदस्यनियुक्त्या अडवल्यामुळे २०१९ पासून ठप्प असल्याने ते प्रकरण लोंबकळत राहिले. गावच्या दिवाणी दाव्यांची सवय असलेल्या श्रोत्याला हा भाग समजावून सांगावा लागत नाही.

ओतकाम, चप्पल आणि तात्या. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत वाहनांचे व यंत्रांचे सुटे भाग ओतणाऱ्या फाउंड्रींची दाटी आहे. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेत जाणाऱ्या बहुतांश भारतीय मालावरील आयातशुल्क एकूण ५० टक्क्यांवर गेले, तेव्हा येथील चर्चेत राष्ट्रवादापेक्षा पाळ्यांचा, म्हणजे पुढच्या महिन्यात किती पाळ्या चालतील याचा, हिशेब अधिक होता. अमेरिकेच्या अध्यक्षांचा उल्लेख मराठी समाजमाध्यमांवर ‘तात्या’ असा होतो आणि कोल्हापूरनेही तो स्वीकारला आहे. निवड सूचक आहे : घरातील तात्या म्हणजे ज्यांच्या लहरी सोसाव्या लागतात, पण ज्यांना पंगतीतून उठवता येत नाही असे वडीलधारे गृहस्थ.

जून २०२५ मध्ये मिलान येथील फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलेच्या घाटाची पादत्राणे कोल्हापूरचे नाव न घेता सादर केली. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील काही जिल्ह्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन मिळालेले असल्याने येथील संताप नुसता भावनिक नव्हता. कंपनीने नंतर भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले आणि जुलैमध्ये तिचे पथक कोल्हापुरात येऊन गेले. चप्पल लाईनमध्ये या प्रकरणावर दोन सूर ऐकू येत. एक, आमचे पायताण चोरले. दुसरा, लाखाच्या घरातील किंमत ऐकून हसणाऱ्याचा : इथे शे-पाचशेसाठी घासाघीस करणारे गिऱ्हाईक आता तरी गप्प बसेल. दुसरा सूर बहुधा कातडे कापणाऱ्याचा असे, आणि प्रस्तुत नोंदकाराला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो.

गट, फॉरवर्ड आणि स्टेटस. तालीम मंडळ, शाळेची जुनी तुकडी, गल्ली आणि भिशी यांचे व्हॉट्सॲप गट हे कट्ट्याचेच विस्तारित रूप होय, मात्र एक मोठा फरक आहे. कट्ट्यावर बोलणारा समोर असतो, त्याला ‘कुणी सांगितलं तुला?’ असे जागीच विचारता येते; गटात मजकूर येतो आणि त्याचा धनी सापडत नाही. ८ मे २०२५ च्या रात्री, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या ऐन भरात, अनेक भारतीय वृत्तवाहिन्यांनी कराची बंदरावर हल्ला झाल्याचे सांगितले. ती बातमी खरी नव्हती. १० मेच्या शस्त्रसंधीपर्यंत गटागटांत फिरणाऱ्या चित्रफितींवर शंका घेणाऱ्याला, तो बहुधा माजी सैनिकांपैकी कोणी नसेल तर, देशप्रेमाचा दाखला मागितला जाई. जिल्ह्यातून सैन्यात जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे, आणि युद्धाच्या चर्चेत निवृत्त सुभेदाराचे मौन हे कोणत्याही वाहिनीपेक्षा जास्त गांभीर्याने घेतले जाते.

व्हॉट्सॲपने भारतात २०१८ मध्ये एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ गटप्रमुख आहे म्हणून त्याला दोषी धरता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले. तरीही निवडणुकीच्या किंवा तणावाच्या काळात ‘फक्त ॲडमिन पोस्ट करू शकतील’ ही कळ दाबण्याचा प्रघात येथे पडला, आणि त्याला कारण घडले होते. जून २०२३ मध्ये काही तरुणांनी ठेवलेल्या स्टेटसवरून ७ तारखेला शहरात बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला आणि जिल्ह्यातील इंटरनेट बंद करण्यात आले. विषय सतराव्या-अठराव्या शतकांतील राज्यकर्त्यांचा होता, चालू घडामोडींचा नव्हे. इंटरनेट नसलेल्या त्या काळात बातमीसाठी पुन्हा वृत्तपत्र आणि चौक हेच उरले.

फुटबॉल आणि बाजू घेणे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरते, आणि विश्वचषकाच्या वर्षी पेठा अर्जेंटिना व ब्राझील यांच्यात विभागल्या जातात. चौकांत झेंडे आणि खेळाडूंचे भव्य कटआउट उभे राहतात. १८ डिसेंबर २०२२ रोजी अर्जेंटिनाने विश्वचषक जिंकला, तेव्हा कोल्हापुरात फटाके वाजले. रशिया की युक्रेन, इस्रायल की इराण अशा प्रश्नांवर वाद घालण्याची रीतही याच मैदानावर घडलेली आहे : बाजू आधी ठरते, कारणे नंतर जमवली जातात, आणि हरलेल्याला दुसऱ्या दिवशी चहा पाजावा लागतो. चहाची ही सोय गटांत नाही.

ब्राझील हा एकच देश या दोन्ही रीतींच्या कचाट्यात सापडला आहे. ९ डिसेंबर २०२२ च्या रात्री क्रोएशियाने त्याला पेनल्टींवर हरवले, तेव्हा येथे गळीत हंगाम भरात होता. ज्या देशाच्या साखरेने आपला दर पाडला असे दिवसा हिरिरीने सांगितले जाते, त्याचाच पिवळा झेंडा ऊस भरलेल्या ट्रॅक्टरला बांधण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. विचारलेच तर उत्तर तयार असते : ‘त्यो विषय येगळा.’