फॉइलकाम (विमान-प्रतिकृतींवरील)

फॉइलकाम, विमान-प्रतिकृतींवरील : प्लॅस्टिक, रेझिन किंवा लाकडाच्या प्रमाणबद्ध विमान-प्रतिकृतीवर खऱ्या धातूचा, बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा, अतिशय पातळ पत्रा तुकड्या-तुकड्यांनी चिकटवून आणि घोटून मूळ विमानाचे न रंगवलेले धातूचे आवरण साकारण्याची पद्धत. १:७२, १:४८ आणि १:३२ या प्रमाणांतल्या प्रतिकृतींवर ती प्रामुख्याने वापरली जाते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत हा छंद जोपासणारे थोडेच आहेत, आणि पुढील विवेचनातले हवामानाचे व साहित्याचे बारकावे तिथल्या अनुभवातून आलेले आहेत.

मराठीत चकचकीत पातळ पत्र्याला बेगड म्हणतात आणि त्यावरून आलेला ‘बेगडी’ हा शब्द वरवरच्या, खोट्या वस्तूसाठी रूढ आहे. फॉइलकामाच्या बाबतीत मात्र हा अर्थ नेमका उलटा होतो, कारण इथे चंदेरी रंग हे सोंग असते आणि बेगड हाच खरा माल असतो. ग्वाल्हेरच्या बाजारात ‘पन्नी’ मागितली तर दुकानदार प्लॅस्टिकची पिशवी पुढे करतो. हवी ती वस्तू किराणा दुकानात ‘सिल्व्हर फॉइल’ या नावाने मिळते, जरी तिच्यात चांदीचा अंशही नसतो.

न रंगवलेली विमाने मुळात का होती, हे समजल्याशिवाय या कामाचे प्रयोजन कळत नाही. जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांनी १९०६ मध्ये तांबेमिश्रित अ‍ॅल्युमिनियम काही दिवसांत आपोआप कडक होते हे शोधले आणि त्यातून ड्युरॅल्युमिन हा हलका, बळकट मिश्रधातू मिळाला. तो गंजाला लवकर बळी पडत असल्यामुळे १९२० च्या दशकात त्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर दाबून बसवलेला अल्क्लॅड पत्रा वापरात आला, आणि असा पत्रा रंगाशिवायही टिकू लागला. दुसऱ्या महायुद्धात १९४३ च्या अखेरीस अमेरिकी लष्करी हवाई दलाने आपल्या बहुतेक लढाऊ विमानांना छद्मरंग, म्हणजे शत्रूच्या नजरेपासून लपवणारा रंग, देणे थांबवले. त्यामुळे वजन, श्रम आणि वेळ वाचला आणि उघड्या धातूची मस्टँग, थंडरबोल्ट व बी-२९ विमाने आकाशात दिसू लागली. भारतीय हवाई दलाची तुफानी आणि मिस्टेअर ही फ्रेंच विमानेही उघड्या धातूचीच होती. १९६३ मध्ये चंदीगड येथे उभारलेल्या २८ व्या स्क्वॉड्रनपासून सुरू झालेली आणि पुढे नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार होऊ लागलेली मिग-२१ विमानेही १९७१ च्या सुमारास छद्मरंगाचे फराटे येईपर्यंत चंदेरीच होती. महाराजपूरच्या तळावरून १९८० च्या दशकापासून ग्वाल्हेरवर घिरट्या घालणारी मिराज २००० रंगवलेली असल्यामुळे तिला फॉइल लागत नाही. इथल्या मुलाने रोज डोक्यावर मिराज पाहिली तरी फॉइलकामाची सुरुवात त्याला मिग-२१ पासूनच करावी लागते.

चंदेरी रंगाने हेच काम का भागत नाही, याचे उत्तर प्रकाशाच्या वागण्यात आहे. अशा रंगात अ‍ॅल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात, आणि ते वाळताना थोड्याफार वेगवेगळ्या कोनांत बसतात. प्रत्येक पापुद्रा प्रकाश आपापल्या दिशेला फेकतो, म्हणून पृष्ठभाग सगळीकडून सारखाच, काहीसा पिठूळ चमकतो. लाटून काढलेल्या पत्र्याला मात्र दिशा असते. रुळांमधून जाताना त्यावर एकाच दिशेच्या अतिसूक्ष्म रेघा उमटतात आणि प्रतिकृती हातात फिरवली की एक तुकडा उजळतो, शेजारचा काळवंडतो, आणखी फिरवली की हे उलटे होते. जुन्या छायाचित्रांत मस्टँगचे धड ठिगळ लावल्यासारखे दिसते ते याच कारणामुळे. शिवाय रंगातला पापुद्रा २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असला तर १:७२ या प्रमाणात तो जवळजवळ दीड मिलिमीटरचा झाला, आणि खऱ्या विमानाच्या पत्र्यावर दीड मिलिमीटरचे कण कुठेच नसतात.

जाडीचा हिशेब तर याहून समाधान देणारा आहे. लढाऊ विमानाचा बाहेरचा पत्रा ठिकठिकाणी साधारण ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो. ७२ ने भागले की ११ मायक्रॉन येतात, आणि स्वयंपाकघरातल्या फॉइलच्या खोक्यावर बऱ्याचदा हाच आकडा छापलेला असतो. ४८ ने भागले तर १७ मायक्रॉन येतात, म्हणजे जरा जाड प्रतीची फॉइल. याउलट प्रायमर, रंग आणि वार्निश मिळून ५० मायक्रॉनचा थर चढला, तर १:७२ मध्ये तो ३.६ मिलिमीटरच्या गिलाव्याइतका ठरतो. पोळ्या गुंडाळायच्या या पत्र्याची जाडी प्रमाणात इतकी चपखल बसावी, हा निव्वळ योगायोग असला तरी कारागिराने तो कृतज्ञतेने स्वीकारावा असाच आहे.

साहित्यात स्वयंपाकघरातली फॉइल सर्वांत स्वस्त आणि, प्रस्तुत लेखकाच्या मते, सर्वांत चांगली. तिची एक बाजू चकचकीत आणि दुसरी मंद असते, कारण शेवटच्या वेळी दोन पत्रे एकावर एक ठेवून लाटतात. रुळाला लागलेली बाजू चमकते, एकमेकांना लागलेली मंद राहते. एकाच गुंडाळीतून दोन छटा मिळतात, हा मोठाच फायदा आहे. मागे चिकटद्रव्य लावलेली तयार फॉइल परदेशात बेअर-मेटल फॉइल या नावाने मिळते. ती मऊ असते आणि वळणांवर छान बसते, पण भारतात मागवायला महाग पडते. एसीच्या डक्टला लावायची अ‍ॅल्युमिनियम टेप छोट्या प्रतिकृतींना जाड होते, मात्र उडणाऱ्या मोठ्या लाकडी विमानांना चालते. त्याच मोठ्या विमानांसाठी छापखान्यातल्या वापरलेल्या ऑफसेट प्लेटाही घेतात. त्या कडक असतात, म्हणून पत्र्यावर साबण घासून तो काळपट होईपर्यंत मंद आचेवर तापवतात. साबणाचा रंग बदलला की पत्रा नरम झाला असे समजावे. मिठाईवरचा चांदीचा वर्ख वापरून पाहण्याचा मोह ग्वाल्हेरमध्ये अनेकांना होतो, पण तो निरुपयोगी आहे. तो मायक्रॉनच्याही अंशाइतका पातळ असल्याने खालचा प्रत्येक ओरखडा दाखवतो आणि हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे काही महिन्यांत काळा पडतो. अ‍ॅल्युमिनियमवर हवेचा स्पर्श होताच ऑक्साइडचा पारदर्शक थर बसतो आणि तोच त्याला पुढे सांभाळतो.

कामाचा निम्म्याहून अधिक भाग फॉइल हातात घेण्यापूर्वीच होतो. फॉइल काहीही झाकत नाही; उलट खालच्या दोषाला ती उठाव देते. धुळीचा एक कण पुळीसारखा वर येतो आणि दोन भागांच्या सांध्यातली न भरलेली फट व्रणासारखी दिसते. म्हणून सांधे पुट्टीने भरून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरपासून चढत चढत २००० पर्यंत पाण्याखाली घासतात, आणि प्लॅस्टिक काचेसारखे झाल्यावर साबणाच्या पाण्याने धुऊन स्पिरिटने पुसतात. उन्हाळ्यात दार उघडे राहिले तर ग्वाल्हेरची बारीक धूळ तासाभरात टेबलावर थर धरते, त्यामुळे इथे हे काम पहाटे, पंखा बंद ठेवून करतात.

चिकटवण्याचे तत्त्व मुलामा देणाऱ्या कारागिरांकडून आलेले आहे. लाकडावर किंवा गिलाव्यावर सोन्याचा वर्ख बसवताना आधी चिकटद्रव लावून तो ओला न राहता नुसता चिकट होईपर्यंत थांबतात आणि मगच वर्ख टेकवतात. फॉइलसाठी पाण्यात मिसळणारे असेच द्रव वापरतात. ते फॉइलच्या मागे मऊ ब्रशने अगदी पातळ फासले की दुधाळ दिसते, आणि पाणी उडाले की पारदर्शक होते; ही पारदर्शकता हीच खूण. मे महिन्यात लू, म्हणजे उन्हाळ्यातला तप्त कोरडा वारा, वाहत असताना ग्वाल्हेरमध्ये ते पाहता पाहता वाळते. प्रस्तुत लेखकाने एकदा दुपारी कूलरसमोर बसून मिग-२१ ची पाठ मढवली होती. कूलरच्या ओलसर वाऱ्यात द्रव पुरते पारदर्शक झालेच नव्हते, पण घाईने तुकडे बसवले गेले. वरून काम निर्दोष दिसत होते. आठ दिवसांनी आत कोंडलेल्या पाण्याने तीन तुकड्यांच्या कडा उचलल्या आणि पोटात बुडबुडे आले. सगळी पाठ सोलून पुन्हा करावी लागली. घड्याळावर विसंबू नये, तुकडा उजेडात तिरपा धरून दूधकट झाक पूर्ण गेली का ते पाहावे.

प्रत्येक तुकडा मूळ विमानाच्या एका पत्र्याएवढा, चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर जास्त कापतात. मधोमध टेकवून बोटाने बाहेरच्या बाजूंकडे दाबत जातात, म्हणजे हवा अडकत नाही. मग घोटणे सुरू होते : आधी कापसाच्या काडीने, मग टोक बोथट केलेल्या बांबूच्या काडीने, शेवटी मऊ सुती किंवा रेशमी कापडाने. चंदेरी गावच्या जुन्या साडीचा तुकडा यासाठी उत्तम, मात्र जरीचा काठ आधी कापून टाकावा, कारण जरीच्या एका धाग्याने आख्खा पंख ओरखडतो. घोटताना खालच्या प्लॅस्टिकमधली, पत्र्यांचे सांधे दाखवणारी खाच फॉइलवर हळूहळू उमटते, तेव्हा त्या खाचेतून ११ नंबरचे सर्जिकल पाते जवळजवळ आडवे धरून, दाब न देता ओढतात आणि जास्तीची पट्टी सोलून घेतात. पाते बोथट असेल तर फॉइल कापली न जाता फाटते; एका पंखाला दोन-तीन पाती लागतात आणि तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही. नाक, पंखाचे टोक, पंख धडाला मिळतो ती जागा अशा दोन दिशांनी वळणाऱ्या भागांवर सपाट पत्रा सुरकुततोच. तिथे संत्र्याच्या फोडींसारखे निमुळते तुकडे कापून शेजारी शेजारी बसवतात. बारीक सुरकुती घोटून जिरते, ठळक सुरकुती कधीच जिरत नाही. ती दिसली की तुकडा काढून नवा लावणेच शहाणपणाचे.

चमकीपेक्षा रेघांची दिशा महत्त्वाची आहे, आणि नवशिक्यांचे काम बहुधा इथेच फसते. सगळे तुकडे गुंडाळीतून एकाच दिशेने कापले, तर प्रतिकृती क्रोमच्या नळासारखी एकसंध चमकते. म्हणून शेजारच्या तुकड्यांची दिशा काटकोनात किंवा थोडी तिरपी बदलतात, काहींची मंद बाजू वर ठेवतात, काहींवर अतिबारीक स्टीलवूल एकाच दिशेने फिरवतात. गडद छटेसाठी एक घरगुती उपाय आहे. कुकरमध्ये नुसते पाणी उकळले की अ‍ॅल्युमिनियमचे भांडे आतून काळपट होते आणि म्हणून त्यात लिंबाची फोड किंवा चिंच टाकतात, हे प्रत्येक मराठी स्वयंपाकघराला ठाऊक असते. तोच परिणाम इथे मुद्दाम साधतात. क्षारयुक्त पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकून फॉइलचा तुकडा थोडा वेळ उकळला की त्यावर करडी झाक येते, आणि वेळ कमी-जास्त करून तीन-चार छटा मिळतात. जेट विमानाच्या मागच्या टोकाला, जिथे पत्रा उष्णता सोसणाऱ्या दुसऱ्या धातूचा असतो, ही छटा फार उपयोगी पडते.

फॉइल कुठे लावू नये, हेही तितकेच नेमके माहीत असावे लागते. मस्टँगचे धड उघड्या धातूचे होते, पण तिच्या पंखावरून हवा सुरळीत वाहावी म्हणून रिव्हेट आणि सांधे पुट्टीने भरून पंख चंदेरी रंगाने रंगवलेले असत. संग्रहालयांत आज दिसणारे आरशासारखे घासलेले पंख युद्धकाळातले नव्हेत. डकोटा या वाहतूक विमानाचे रडर, एलिव्हेटर आणि एलेरॉन हे शेपटीचे व पंखांचे हलणारे भाग कापडाने मढवलेले होते. मिग-२१ च्या नाकाचा शंकू आणि शेपटीचे टोक रेडिओलहरी आरपार जाव्यात म्हणून धातूचे नसत. या जागा रंगवायच्याच असतात, आणि रंगाचा निर्जीव चंदेरीपणा शेजारच्या खऱ्या धातूला उलट खुलवतो.

फॉइलवर वार्निश देऊ नये. त्या थरामुळे धातू पुन्हा रंगासारखा दिसू लागतो. डेकल, म्हणजे खुणा व आकडे छापलेली पातळ चित्रे, थेट फॉइलवर बसवतात आणि त्यांची पारदर्शक कड आधी कापून टाकतात, कारण धातूवर ती लगेच नजरेत भरते. बोटांचे ठसेही उमटतात, म्हणून हातमोजे घालतात. पूर्ण झालेली प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवणे हाच धुळीवर खात्रीचा उपाय आहे. एखादा तुकडा फाटला किंवा दबला तर खाचेपासून खाचेपर्यंत तेवढाच सोलून नवा लावता येतो; रंगाच्या कामात ही सोय नाही. नवा तुकडा शेजारच्या जुन्यांपेक्षा काहीसा उजळ दिसतो. हवाई तळांवर एखाद्या विमानाचा खराब झालेला पत्रा बदलला की तिथेही तसेच दिसत असे, त्यामुळे तो फरक पुसण्याचा प्रयत्न जाणते कारागीर करत नाहीत.