कावीळ आणि बिनफोडणीचं पथ्य

जळगाव-धुळ्याकडे कावीळ झाली की घरातली फोडणी थांबते. तेल-तूप बंद, हळद तर नाहीच. उसाचा रस आणि फुटाणे एवढंच. हे पथ्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, पण त्याला आधार नाही. डोळे पिवळे होतात ते हळदीने नव्हे, रक्तात साठलेल्या बिलिरुबिन नावाच्या पिवळ्या रंगद्रव्यामुळे. जुन्या तांबड्या पेशी मोडून ते तयार होतं आणि सुजलेल्या यकृताला ते बाहेर टाकता येत नाही. यकृताला सूज आणून कावीळ करणारे हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू दूषित पाण्यातून पसरतात, त्यामुळे गाडीवरचा बर्फ घातलेला रसच मला जास्त धोक्याचा वाटतो.

मळमळ असेपर्यंत तेलकट नको वाटतं, तेवढ्यापुरतं कमी करा. भूक लागली की कळण्याची भाकरी, फोडणीचं वरण, केळी, अंडं, सगळं द्या. महिनाभर अर्धपोटी ठेवलेल्या माणसाचे स्नायू झडतात आणि तो अशक्तपणा आजाराच्या नावावर खपतो. सक्तीने खाटेवर झोपवूनही ठेवू नका; दमणार नाही इतकं चालू द्या, जिम आणि जड कामं मात्र डॉक्टरांना विचारूनच. दारू पूर्ण बंद.

गरोदर बाईला कावीळ झाली, किंवा रुग्ण गुंगीत गेला, असंबद्ध बोलू लागला, तर झाडपाल्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.