दिल्लीतला निकाल मुंबईच्या तिजोरीपर्यंत कसा पोहोचतो

लोकसभेचा निकाल लागला की शहरांत बोललं जातं ते मेट्रो आणि उड्डाणपुलांबद्दल. मुंबईचं आयुष्य मात्र जास्त खोलवर बदललं ते जमिनीच्या आणि करांच्या कायद्यांनी, तेही निकालानंतर काही वर्षांनी.

नागरी जमीन कमाल धारणा कायदा आणीबाणीतला, १९७६ चा. मुंबईत ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन बाळगता येणार नव्हती, पुण्यात १,०००. जादा जमिनीवर गरिबांची घरं व्हायची होती. प्रत्यक्षात पुष्कळशी जमीन कलम २० च्या सवलतींत आणि कोर्टकज्ज्यांत अडकून पडली. वाजपेयी सरकारने १९९९ मध्ये कायदा रद्द केला, पण राज्याने ठराव केल्याशिवाय ते लागू होत नव्हतं आणि महाराष्ट्राने तो केला नाही. २००४ मध्ये केंद्रात सत्तांतर झालं. डिसेंबर २००५ मध्ये आलेल्या जेएनएनयूआरएममध्ये, म्हणजे शहरांच्या सुधारणेसाठी निधी देणाऱ्या केंद्राच्या योजनेत, मुंबईच्या प्रकल्पांचा ३५ टक्के खर्च केंद्राचा, १५ राज्याचा, ५० पालिकेचा. आणि पैसे हवे असतील तर हा कायदा काढा, ही अट. २९ नोव्हेंबर २००७ ला महाराष्ट्राने तो काढला. एका सरकारचा निर्णय त्याच्या विरोधकांच्या निधीमुळे अमलात आला! भाडे नियंत्रण सुधारण्याची अटही त्याच यादीत होती. ती रखडली, आणि पागडीच्या, म्हणजे ठोक रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या घरांच्या, जुन्या इमारतींचा प्रश्न आजही तसाच आहे.

त्याहून मोठा घाव जकात जाण्याचा. जकात म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा पालिकेचा कर. पुणे, नागपूर, ठाणे इथे २०१३ पर्यंत जकातीच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला होता. मुंबईत मुलुंड, दहिसर, मानखुर्दच्या नाक्यांवर ट्रकचं बीजक बघून जकात घेतली जातच होती. हा पैसा रोजच्या रोज येई आणि व्यापार वाढला की आपोआप वाढे. २०११ मध्ये मांडलेलं जीएसटीचं घटनादुरुस्ती विधेयक १५ वी लोकसभा विसर्जित होताच बाद झालं. २०१४ नंतर नवं विधेयक आलं, २०१६ मध्ये १०१ वी घटनादुरुस्ती झाली. तिने राज्यसूचीतली, म्हणजे राज्यांच्या अधिकारांच्या घटनेतल्या यादीतली, ५२ वी नोंद, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर कर लावण्याचा आधारच, काढून टाकला. १ जुलै २०१७ ला नाके बंद झाले.

बदल्यात राज्याने भरपाईचा कायदा केला: २०१६-१७ चं उत्पन्न पायाभूत, त्यावर दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ, रक्कम दरमहा. पहिला हप्ता सुमारे ६४७ कोटींचा होता. रक्कम थोडी नाही, आणि नाक्यांवरच्या रांगा आणि चिरीमिरी संपली हेही खरंच. पण देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचं सर्वांत मोठं उत्पन्न तिच्या हातून गेलं आणि मंत्रालयातून येणाऱ्या हप्त्यावर आलं. दर वाढवायचा की कमी करायचा, कुठल्या मालाला सूट द्यायची, यात पालिकेला आता काहीच जागा उरलेली नाही, आणि एवढ्या मोठ्या शहरासाठी हे घातक आहे. राज्याला स्वतःला केंद्राकडून मिळालेली हमी दरवर्षी १४ टक्के वाढीची होती, तीही पाचच वर्षांची. ती जून २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून पालिकांचा हप्ता राज्याला स्वतःच्याच महसुलातून भागवावा लागतो.